परभणीत बसून रहस्यकथांची तीन पुस्तकं काढली, त्याची हकीकत

गेल्या दिवाळीत आमच्या प्रकाशनाची पहिली तीन पुस्तकं बाहेर आली. तिन्ही रहस्यकथांची. प्रकाशन म्हणजे मी, माझी धाकटी बहीण आणि माजघरातलं एक लोखंडी कपाट. तेव्हापासून जे फोन येतात, त्यातल्या निम्म्यांत एकच प्रश्न असतो: "पुस्तक काढायला पुण्यात कुणाला भेटावं लागतं?" कुणालाही भेटावं लागत नाही. कागद मात्र बरेच लागतात. त्यातला कोणता फुकट मिळतो, कोणत्याला पैसे पडतात आणि कोणता नुसताच वेळ खातो, हे एका जागी लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवते. पुस्तकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ही जाहिरात नव्हे.

मी मे २०२४ मध्ये कॉलेजच्या ग्रंथपालपदावरून निवृत्त झाले. कोणती पुस्तकं खरोखर वाचली जातात हे बांधणीवाल्याला बरोबर ठाऊक असतं. आमच्याकडे दरवर्षी बांधणीला जाणाऱ्या गठ्ठ्यात रहस्यकथा सगळ्यात जास्त. पानं सुटलेली, शेवटचं पान गायब, आणि कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. नवी प्रत मागवावी म्हटलं तर 'आवृत्ती संपली' हे उत्तर ठरलेलं. त्यामुळे काय छापायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही.

जूनमध्ये तीन पुस्तकं ठरवली. पहिलं, जालन्याकडच्या एका दिवंगत शिक्षकांच्या साठच्या दशकात मासिकांत आलेल्या कथांचा संग्रह. दुसरं, बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाची नवी कादंबरी, जिनिंग मिलमधल्या खुनाची. तिसरं, आर्थर कॉनन डॉयल यांच्या काही कथांचा नवा अनुवाद, सेलूच्या एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांनी केलेला.

वेळ कुठे गेला म्हणाल तर हक्कांत, म्हणजे कॉपीराइटमध्ये. भारतात लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. डॉयल १९३० साली गेले, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कुणाला विचारायला नको. अगाथा ख्रिस्ती १९७६ साली गेल्या, म्हणजे २०३६ संपेपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आमच्याकडे बरेच जण म्हणतात, 'अर्नाळकरांची झुंजार काढा ना, जुनीच तर आहेत.' 'झुंजार' या नायकाच्या रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर १९९६ साली गेले, तेव्हा मुक्त व्हायला २०५७ उजाडेल. 'जुनं म्हणजे कुणाचंच नाही' हा समज इतका पक्का आहे की एका ओळखीच्या वकिलांनीही मला तेच सांगितलं. औरंगाबादच्या जुन्या उर्दू वाचकांचे लाडके रहस्यकथाकार इब्ने सफी १९८० साली गेले. त्यांचा मराठी अनुवाद करायची माझी फार इच्छा आहे, पण २०४० संपेपर्यंत त्यालाही परवानगी लागेल.

अनुवादाची आणखी एक गोष्ट. मूळ कथा मुक्त असली तरी तिचा जुना मराठी अनुवाद मुक्त असेलच असं नाही, त्याचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो. म्हणून अनुवाद करणाऱ्या सरांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं की घरातला कुठलाही जुना अनुवाद शेजारी ठेवून काम करायचं नाही. सर जरा दुखावले. त्यांनी कपाटातली जुनी पुस्तकं जावयाकडे पाठवून दिली आणि मग कामाला बसले.

जालन्याच्या शिक्षकांच्या कथांसाठी मला आधी मासिकांची भीती होती. हे मासिकाच्या नोकरीत नसलेले लेखक होते, बाहेरून कथा पाठवायचे. लेखी करार नसेल तर अशा कथांचा हक्क लेखकाकडेच राहतो. तेव्हा गाठायचे ते वारस. मराठी पुस्तकांच्या हक्कपृष्ठावर पुष्कळदा 'सर्व हक्क सौ. अमुक' असं बायकोचं नाव असतं, त्यामुळे लेखकाचं एखादं जुनं पुस्तक मिळालं तर ते पान आधी बघावं. इथे पुस्तक निघालेलंच नव्हतं. ते ज्या शाळेत होते तिथल्या निवृत्त लिपिकांकडून मुलांचे पत्ते मिळाले. एक मुलगा नांदेडला, दुसरा हैदराबादला, मुलगी सोलापूरला. नांदेडचे दादा म्हणाले, "आम्ही दोघं भाऊ देतो की सही, ताईला कशाला त्रास?" मी म्हटलं, त्रास झाला तरी चालेल, सही तिन्ही वारसांची लागेल. ताईंना फोन केला तर त्यांच्याकडे वडिलांच्या हस्ताक्षरातली आणखी एक अप्रकाशित कथा निघाली! ती संग्रहात शेवटी घेतली आहे.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला. ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० ऐवजी ५०० चा मुद्रांक लागू लागला आणि आमचा करार नेमका नोव्हेंबरचा. करारात मुदत लिहा. ती लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही हक्क विकत न घेता सात वर्षांचा परवाना घेतला, छापील आणि ई-पुस्तक एवढ्यापुरताच. वारसांना रॉयल्टीपेक्षा वेबसिरीजची काळजी जास्त होती. मानवतच्या जुन्या खून-प्रकरणावर मालिका आल्यापासून आमच्या भागात ज्याच्या घरी जुनं वर्तमानपत्र आहे त्याला वाटतं, उद्या मुंबईहून गाडी येणार. चित्रपट-मालिकेचे हक्क कुटुंबाकडेच राहतील, असं एक वाक्य घातल्यावर सह्या झाल्या.

मानवतचा विषय निघालाच आहे तर सांगते. १९७२ ते ७४ मधली ती हत्याकांडं आणि पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी केलेला तपास यावर पुस्तक काढा, असा आग्रह परभणीत मला जवळपास रोज होतो. काढणार नाही. मानवत इथून तासाभराच्या आत आहे, मारल्या गेलेल्या मुलींची घरं तिथे अजून आहेत. कल्पित खून वाचायला मला आवडतात, खरे नाही.

नोंदणीचं काम त्या मानाने किरकोळ निघालं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि ती फुकट आहे. दुकाने अधिनियमाखाली दहापेक्षा कमी (२०२५ च्या बदलानंतर वीसपेक्षा कमी) माणसं असतील तर ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावती म्हणजेच लोक ज्याला गुमास्ता परवाना म्हणतात तो. या दोन कागदांवर बँकेने चालू खातं उघडलं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. छापखान्याच्या बिलातला जीएसटी मात्र आपल्याच खिशातून जातो, त्याची वजावट मिळत नाही. हे दर मागतानाच विचारून घ्या, नाहीतर कोटेशन एक आणि बिल दुसरंच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा तेरा आकडी ओळखक्रमांक, दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते. सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क शून्य. तरीही एका मध्यस्थाने मला 'तीन नंबरांचे साडेसात हजार' असा दर सांगितला. कृपया देऊ नका. माझ्याकडून ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, प्रकाशनाच्या लेटरहेडवर विनंतीपत्र आणि पुस्तकाच्या पहिल्या पानांचा नमुना मागितला. जानेवारी २०२५ मध्ये अर्ज केला. पत्त्याच्या पुराव्यावर घर आजेसासऱ्यांच्या नावावर असल्याने एकदा अर्ज परत आला, मग संमतीपत्र जोडलं. मार्चमध्ये नंबर मिळाले. छापील आणि ई-पुस्तकाला वेगळा नंबर लागतो. आणखी एक सवय लावून घ्या: नंबर हक्कपृष्ठावर टाकल्यावर तपासायचा. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, तेरावा आकडा मिळवायचा. एकूण दहाच्या पटीत आलं तर नंबर बरोबर. डीटीपीत, म्हणजे संगणकावर पानं लावताना, एका पुस्तकाचे दोन आकडे उलटसुलट झाले होते, ते असे सापडले. आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे, हेही सांगून ठेवते. कॉपीराइट लिहिल्याबरोबरच मिळतो. त्याची नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क पडतं, ती आम्ही केली नाही.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले, ते मुद्रितशोधन. रहस्यकथेचं मुद्रितशोधन कवितासंग्रहासारखं किंवा आत्मचरित्रासारखं करून चालत नाही.

संग्रहातली एक कथा अशी आहे: एका सावकाराला निनावी धमकीचं पत्र येतं, संशय कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्यावर. तपास करणारे फौजदार पत्रातले अनुस्वार बघतात. 'कांहीं', 'नाहींत', 'त्यांनीं'. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. पुतण्याच्या वह्यांत ते कुठेच नाहीत, म्हाताऱ्या मुनीमजींच्या रोजमेळात मात्र पानोपानी आहेत. म्हणजे अख्खी कथा त्या टिंबांवर उभी. आणि आम्ही तर सगळ्या संग्रहाचं शुद्धलेखन आजच्या नियमांप्रमाणे करायचं ठरवलेलं! डीटीपीवाल्या मुलाने इमानेइतबारे पत्रातलेही अनुस्वार काढून टाकले. पहिलं प्रूफ माझ्या बहिणीने वाचलं. ती म्हणाली, "अगं, फौजदाराला हे कळलं कसं? पत्रात तर काहीच नाही." तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक कथेसोबत एक पिवळा कागद जातो, 'याला हात लावू नये' अशा ओळींचा.

त्या कागदावर आणखी काय काय असतं? वेळा, तारखा, गाड्यांच्या वेळा, रक्कम, कोण डावखुरा आहे, दाराला कडी आतून होती की बाहेरून. दुसऱ्या एका कथेत आठ आण्यांचा हिशेब आहे. कुणी तरी सद्हेतूने 'पन्नास पैसे' केलं होतं, आणि त्यामुळे १९५५ सालात घडणारी कथा एकदम दशमान पद्धतीच्या पुढे गेली. आण्यांचे पैसे झाले ते १९५७ मध्ये. त्या कादंबरीकार मुलासाठी तर मी भिंतीवर तक्ता लावला: आडवे वार, उभी पात्रं, कोण कधी मिलमध्ये होतं. त्यात एक पात्र मंगळवारी रात्री एकाच वेळी गेवराईला आणि माजलगावला निघालं. लेखकाने दोन प्रकरणं फिरवून लिहिली, आणि खरं सांगायचं तर नवी प्रकरणं आधीपेक्षा चांगली उतरली.

पानांच्या मांडणीतही बघायला लागतं. गुन्हेगाराचं नाव उजव्या पानावर आलं तर डावं पान वाचताना डोळा तिकडे पळतो. ते पान उलटल्यावर डाव्या बाजूला, वरच्या ओळीत यावं. त्यासाठी दोन कथांत उपशीर्षकाभोवतीची जागा कमी-जास्त केली. अनुक्रमणिकेत प्रकरणांची नावं वाचून घ्या, आमच्या कादंबरीत एका प्रकरणाचं नावच उत्तर सांगत होतं. मलपृष्ठावरचा मजकूर शेवट न वाचलेल्या माणसाकडून लिहून घेतला, म्हणजे तो चुकूनही काही फोडणार नाही. आम्ही शेजारच्या वहिनींना पहिली साठ पानं दिली आणि पुढची रोखून धरली. मजकूर झकास झाला, वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत.

श्रीलिपीतला (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधला) मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर 'र्‍या', 'क्ष' आणि रफार डोळ्यात तेल घालून बघा. रूपांतरात तेच मोडतात.

छपाई छत्रपती संभाजीनगरला करायची ठरवली. प्रूफं घेऊन सकाळी निघालं की दिवसभरात काम आटोपून रात्री घरी येता येतं. पुस्तक डेमी या नेहमीच्या आकाराचं, कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेडचा मॅपलिथो, आणि १६० पानं. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणून पानसंख्या सोळाच्या पटीत बसवा. १६३ पानं झाली तर उरलेल्या कोऱ्या पानांचे पैसेही आपणच भरतो. दोन-तीनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल, त्यापुढे ऑफसेट परवडतं. आम्ही प्रत्येकी पाचशे प्रती ऑफसेटवर काढल्या.

खर्च सांगते, एका पुस्तकाचा. छपाई, कागद, बांधणी मिळून ३४,००० रुपये, म्हणजे प्रतीला ६८. डीटीपी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून १५,०००, म्हणजे प्रतीला ३०. किंमत ठेवली २२० रुपये. दुकानदाराचं कमिशन ४० टक्के, म्हणजे ८८. रॉयल्टी दहा टक्के, २२. उरले १२ रुपये, त्यातून नेण्या-आणण्याचं भाडं. तेही पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या तर. पुस्तक थेट वाचकाला विकलं तर हे गणित सुधारतं, म्हणून पोस्टाची माहिती नीट करून घ्या. किंमत ३०० ठेवा असा सल्ला सगळ्यांनी दिला. पण रहस्यकथा घेणारा माणूस एसटी स्टँडवर उभा असतो, तीनशे रुपये काढताना तो विचार करतो, आणि विचार केला की घेत नाही.

प्रकाशनाची तारीख १७ सप्टेंबर २०२५ ठरवली होती, मुक्तिसंग्राम दिनाची. त्या महिन्यात मराठवाड्यात जे पाणी आलं ते सगळ्यांना माहीत आहे. गठ्ठे छापखान्यातच थांबले, आणि ते तिथे थांबले हेच बरं झालं. सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाला पुस्तक घ्या म्हणायला मला जमलं नसतं. कार्यक्रम रद्द केला, हॉलचे पैसे परत मिळाले नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला घरातच पुस्तकं उघडली. ओलीमुळे काही मुखपृष्ठांचे कोपरे वर वळले होते. छापखान्याने तेवढ्या प्रती बदलून दिल्या. पावसाळ्यात छपाई करणार असाल तर बांधणीनंतर गठ्ठे चार-पाच दिवस वजनाखाली ठेवायला सांगा.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे. अनेक प्रकाशक पाठवत नाहीत. ग्रंथपाल म्हणून सांगते, पाठवा. पन्नास वर्षांनी कुणी तरी माझ्यासारखी बाई कथा शोधत फिरेल तेव्हा निदान एक प्रत सापडेल.

पोस्टाचे नियम मधल्या काळात बरेच बदलले. रजिस्टर्ड बुक पोस्ट २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं आणि रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. पुस्तकांसाठी मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. आमचं पुस्तक पाकिटासह सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे बसतं. मुखपृष्ठावर सुरा आणि रक्ताचा डाग बघून खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "ह्यात ज्ञान काय हाय?" नियमात शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं म्हटलं आहे. मी 'सांस्कृतिक' म्हणाले, त्या हसल्या, पोस्टमास्तरांना विचारून आल्या आणि पाकीट घेतलं. पुढच्या वेळेस त्यांनी एक प्रत विकत घेतली. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं, आणि आत जाहिरातीचं पत्रक घालू नका.

दुकानांत माल 'विकला तर पैसे, नाहीतर परत' या बोलीवर जातो. चलन दोन प्रतीत करा आणि दुकानदाराची सही-शिक्का घ्या. लातूर आणि नांदेडच्या दुकानांचे पैसे जानेवारीत आले, एका ठिकाणचे अजून यायचे आहेत. वाचनालयं अनुदान आल्यावर देतात, त्यांचा हिशेब मार्चनंतरच बघा. तिन्हीत सगळ्यात जास्त खप जिनिंग मिलच्या कादंबरीचा झाला. माझा अंदाज डॉयलवर होता. माजलगाव, वडवणी, धारूर इथून फोन येतात आणि लोक विचारतात, "मॅडम, ती मिल आमचीच ना?" लेखकाने नाही म्हणून सांगायला सांगितलं आहे.

चौथ्या पुस्तकाच्या हक्कांचं काम सध्या चालू आहे. चार वारस, तिघांच्या सह्या झाल्या. चौथे काका उदगीरला असतात, त्यांनी आधी सगळ्या कथा वाचून बघायची अट घातली आहे. झेरॉक्स पाठवली आहे, शेवटच्या पानांसकट.